अण्णांनी विसरलेलं वाक्य

गुरुजी गेल्याचं मला अंगणवाडीत कळलं. समोरच्या एसटीडी बूथवर नगरहून फोन आला आणि बूथवाला धावत येऊन दारातूनच म्हणाला, "ताई, आपलं गुरुजी गेलं." मी पोरांना सुकडी वाढत होते. वाढणं थांबवलं नाही... ही नोकरी गुरुजींनीच मला धरायला लावली होती. पोरांना ताटकळत ठेवून रडत बसलेलं त्यांना मुळीच खपलं नसतं.

सोनईजवळच्या आमच्या गावात गुरुजी शाळामास्तर. दरसाल जत्रेसाठी एक नाटक लिहायचे, तेही प्रश्नाचं. गावाला हवा असायचा तमाशा, नाहीतर नव्यानं आलेला व्हिडिओ. गुरुजी म्हणायचे, "हसवायला तमाशा आहे, रडवायला व्हिडिओ आहे. आपण लोकांना भांडायला लावायचं." त्यांच्या नाटकाला शेवटच नसायचा. ऐन पेचात नट थांबायचे आणि गुरुजी पुढे येऊन विचारायचे, "आता यानं काय करावं, तुम्हीच सांगा." मग मंडपात अशी काही जुंपायची! दारूच्या नाटकावरून दोन साडू दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. गुरुजी खूष.

एका वर्षी मी सासरचा मार सोसवेना म्हणून माहेरी आले होते. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, एकच धोशा, "जत्रा झाली की नांदायला धाडतो. लोक काय म्हनतील?" आणि नेमकं त्याच वर्षी गुरुजींनी लिहिलं माहेरी परतलेल्या लेकीचं नाटक. बापाच्या कामाला घेतलं कुणाला? आमच्या अण्णांना! आवाज खणखणीत म्हणे. अण्णा फुशारून रोज बौद्धवस्तीतल्या समाजमंदिरात तालमीला जायचे आणि गोठ्यात शेण काढतानाही लेकीला सासरी धाडायचं शेवटचं वाक्य घोकायचे, "ऊठ पोरी, एसटी आली." मी चुलीपुढे बसून ऐकायची. असा संताप यायचा गुरुजींचा! इथं माझ्या जिवावर बेतलंय आणि ह्या बाबाला नाटकं सुचतायत.

जत्रेत नाटक उभं राहिलं. लेकीचं काम करणारा नामा शिंपी लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. अण्णा पुढे आले, तोंड उघडलं... आणि गप्प. बायकांच्या बाजूनं सुभद्राआजी कडाडल्या, "किसन्या, नाटकातली ऱ्हाऊ दे! घरातल्या पोरीचं काय करतूस त्ये बोल!" नाटकातला माणूस आणि खरा माणूस यांतला फरक आमच्या गावाला कधी कळलाच नाही. सावकाराचं काम केलेल्याला गवळणीनं आठवडाभर दूध घातलं नव्हतं. अण्णांनी मान खाली घातली. "न्हाई धाडत," म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी पदरात तोंड खुपसून रडले.

घरी आल्यावर मात्र म्हणाले, "वाक्यच इसरलो गं. आता चारचौघांत शब्द गेलाय, तर ऱ्हा." मी राहिले. शिकले, नोकरीला लागले, मजेत आहे. पण अण्णांना ते वाक्य आठवलं असतं तर?... हे कुसळ मनात रुतून बसलं ते बसलंच. गुरुजींना विचारलं की हसायचे, "मी नुसता प्रश्न लिहितो, बाई. उत्तर बापाकडं माग." अण्णांना विचारायची माझी छाती कधी झाली नाही.

गेल्या महिन्यात गुरुजींच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे शोकसभेला, आम्ही दोघंही समाजमंदिरात गेलो. तालमी व्हायच्या तीच खोली, तीच विटलेली सतरंजी. आठवणी निघाल्या. कुणीतरी थट्टेनं म्हणालं, "गुरुजींच्या हाताखाली वाक्य विसरला असा एकच नट, आमचे किसनराव!" हशा पिकला. अण्णा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"जयभीम मंडळी," ते म्हणाले, जरा अडखळतच. "इसरलो न्हवतो. त्ये वाक्य मला आजबी पाठ हाय. समोर बायकांत माझी पोर बसली हुती... तिच्याकडं बघून म्हनवलंच न्हाई. गुरुजींना ठावं हुतं. कुनाला सांगू नका म्हनलो, तर त्येंनी मरस्तोवर न्हाई सांगितलं."

अण्णा खाली बसले आणि उगाच टोपी सारखी करत राहिले. मी बायकांतून उठले आणि सगळ्यांदेखत, पुरुषांच्या बाजूला, त्यांच्या शेजारी जाऊन बसले.