बोटभर खार

गेलेली माणसं स्वप्नात येतात ती आपल्याला जगण्यामरण्याचं काही गूढ सांगायला, असं जाणकार सांगतात. माझी बायको वृंदा जाऊन दीड वर्ष झालं. आज ती पहिल्यांदाच येते, दिवाणाच्या कडेला बसते, माझ्या पोटावरच्या पाच चिकटपट्ट्यांकडे निरखून बघते आणि विचारते, "पोट साफ होतंय का?"

पण जरा आधीपासून सांगतो.

दुपारचे सव्वादोन. वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन आज अकरावा दिवस. डॉक्टरांनी माझं जठर कापून केळ्याएवढं ठेवलं आहे, आणि त्या केळ्यात पहिले दोन आठवडे फक्त पातळ सोडायचं. दर पंधरा मिनिटांनी तीस मिली, खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं तसल्या टोपणातून, घोट घोट करत. मोबाइलवर पंधरा मिनिटांचे गजर लावले आहेत. मदतीला आलेली माझी थोरली बहीण, शैलाताई, मुगाचं पाणी इतकं गाळते की त्यात कधीकाळी मूग होते याला आता तिचा शब्द एवढाच पुरावा. एकशे एकतीस किलोंचा माणूस चिमुकलं टोपण तोंडाला लावून बसलेला असतो, तेव्हा त्याच्याकडे गंभीर चेहऱ्यानं बघणं सोपं नसतं. ताई प्रयत्न करते.

सव्वादोनचं टोपण संपतं. आतल्या खोलीत ताईची मालिका चालू आहे, सासू सुनेला काहीतरी फार सावकाश सांगते आहे. पुढचा गजर अडीचला. डोळे जड होतात. दिवाण जमिनीपासून बोटभर वर उचलला जातो.

"पोट साफ होतंय का?"

"आत काही गेलं तर साफ होणार ना."

"तेही खरंच." वृंदा मोरपंखी साडी नेसली आहे. नाकातली नळी अजून तशीच आहे. अन्ननलिकेच्या कॅन्सरनं घास बंद झाला तेव्हा घातलेली ती नळी. शेवटचे चार महिने वृंदा त्या नळीवरच होती. आत्ता नळीचं मोकळं टोक तिनं कानामागे खोचलं आहे, गजरा खोचावा तसं. "किती उतरलं तुमचं?"

"सात किलो."

"माझं पहिल्या महिन्यात अकरा उतरलं होतं," ती म्हणते. जास्त मार्क पडलेल्या मुलीच्या आवाजात. "आणि ऑपरेशनशिवाय."

मी काही बोलणार तोच दिवाणाचा पाट होतो. आम्ही पंगतीत बसलो आहोत. समोर केळीचं पान, आणि पानावर टोपणंच टोपणं. मिठाच्या जागी एक, कोशिंबिरीच्या जागी एक, भाताची मूद असते तिथे एक पालथं. वाढपी बादली घेऊन येतो. त्याच्या हातात पळी नाही, नळीवाटे भरवायची ती जाडजूड सिरिंज आहे.

"जिलबी घ्या, जिलबी!" तो माझ्या टोपणात स्वच्छ पाणी सोडतो.

"अहो, आग्रह नका करू त्यांना," वृंदा मध्ये पडते. "तीसचीच परवानगी आहे."

"एवढ्या देहाला तीस?" पलीकडचे पगडीवाले आजोबा मान वाकडी करून मला आपादमस्तक बघतात. "मग हे झालं कशानं?"

"सोबत करून करून," वृंदा सांगते.

हे तिचं म्हणणं बरोबर आहे. घरात माझा हुद्दा चव बघणाऱ्याचा होता. वृंदाचे सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिवाय अधूनमधून उगाचच. स्वयंपाक मात्र रोजचा. उपास असला की ती स्वतः चाखू शकायची नाही, म्हणून हाक यायची, "अहो, जरा बोट लावून बघा, मीठ बरोबर आहे का." मी बोट लावायचो. एका बोटानं नीट कळायचं नाही. सत्तावीस वर्षं मी मन लावून ही नोकरी केली.

पंगत उठते. पानं तशीच आहेत, पण ती आता हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वऱ्हांड्यात मांडलेली आहेत आणि त्यांच्या कडेनं सलाइनचे दांडे उभे आहेत. वृंदा तिच्या कॉटवर उशीला टेकून बसली आहे. खिडकीतून खाली रस्त्यापलीकडची मिसळीची गाडी दिसते. मी दारातून आत येतो, साबणानं दोनदा हात धुऊन, बडीशेप चावून.

"आज मिसळ?" ती विचारते.

"छे. चहा घेतला नुसता."

"तुमच्या चहात कांदा घालतात वाटतं."

असं रोज चालायचं. मी खोटं बोलायचो, ती पकडायची, आणि मग उशी सरळ करून म्हणायची, सांगा आता नीट. कट किती होता, पाव ताजा होता का, कांदा बारीक होता का. मी सांगायचो, ती डोळे मिटून ऐकायची. त्या चार महिन्यांत तिचं बावीस किलो उतरलं आणि माझं चौदा चढलं. घराचं एकूण वजन घटू नये म्हणून मी माझ्याकडून होईल ते केलं.

खिडकी आता खाली रस्त्यावर उघडत नाही, आमच्या स्वयंपाकघरात उघडते. कट्ट्यावर चिनी मातीची बरणी आहे, तोंडाला पांढरा दादरा घट्ट बांधलेला. आत वृंदानं आजाराच्या आधीच्या हिवाळ्यात घातलेलं लिंबाचं लोणचं. उपासाचं. मुरून काळं झालेलं. ती गेल्यापासून मी ती गाठ सोडलेली नाही.

"आणलंत?" वृंदा कॉटवरून विचारते.

ती काय मागते आहे ते मला ठाऊक आहे. जाण्याच्या आठ दिवस आधी मागितलं होतं तेच. "घरची बरणी उघडा आणि बोटभर खार आणा. गिळत नाही हो मी. जिभेवर लावीन आणि थुंकीन. इतकी वर्षं तुम्ही चव बघितलीत, एकदा मला बघू द्या."

मी तेव्हा म्हटलं होतं, "डॉक्टर नाही म्हणालेत."

"विचारलंत?"

"विचारलं ना."

तिनं मान हलवली होती आणि पुन्हा तो विषय काढला नव्हता.

आत्ता ती तसंच बघते आहे. "विचारलं होतंत ना खरंच?"

माझ्या हातात टोपण आहे. घोट घेतला की बोलता येत नाही, म्हणून मी घोट घेतो. मग दुसरा घेतो. तीस मिली संपतं.

"नाही," मी म्हणतो.

"डॉक्टरांचा राउंड सकाळी दहाला असायचा."

"हो."

"तुम्ही कुठे होतात?"

"खाली."

सलाइन थेंब थेंब पडत राहतं.

"कांदा बारीक होता?"

"जाडाच होता."

"मग उगाच गेलात," वृंदा म्हणते.

आयुष्यभर मी वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात नियमांची टिंगल करून पोट भरलं. ज्या एका नियमापुढे मुकाट मान तुकवली, तो कुणी केला होता हे मला आजतागायत माहीत नाही. बहुधा मीच. विचारलं तर नाहीच म्हणतील, मग कशाला विचारा, असा तो नियम होता. आणि हो म्हणाले असते तर घरी जाऊन ती गाठ सोडावी लागली असती, तिनं मारलेली.

हे सगळं मला तिला सांगायचं आहे, पण ती कॉटवर नाही. ती कट्ट्यापाशी उभी आहे, पूर्वीच्या अंगानं, पदर खोचून, नळीबिळी काही नाही. ती दादऱ्याची गाठ सोडते, माझा हात धरते आणि माझं बोट बरणीत बुडवते.

"बघा जरा. गिळू नका हं, टाके आहेत. नुसतं जिभेवर."

मी जिभेवर ठेवतो. अकरा दिवसांनी तोंडाला चव येते, आधी मीठ, मग आंबट, आणि मग त्यामागून सावकाश येणारा गोडवा. डोळ्यांतून पाणी यायला लागतं.

"मीठ बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"बरं झालं," ती म्हणते. "मला काही कळायला मार्ग नव्हता."

गजर वाजतो.

अडीच. मी दिवाणावर आहे. उजव्या हाताचं पहिलं बोट चिकट आहे, नखात काळपट खार. मी स्वयंपाकघरात जातो. बरणी कट्ट्यावर, दादरा बाजूला सोडून ठेवलेला. बेसिनमध्ये काळसर थुंकी, वर नळ ठिबकतो आहे.

"ताई, इथं कोण आलं होतं?"

"कोण येणार? तूच तर मघाशी उठून आत गेलास," ताई मालिकेवरची नजर न काढता म्हणते. "मी हाक मारली, तर ओ नाही. म्हटलं चूळ भरत असेल."

टाक्यांच्या भीतीनं मी हॉस्पिटलमध्ये फोन लावतो. आहारतज्ज्ञ ऋचा फोन उचलते. सव्वीस वर्षांची आहे, मला सर म्हणते आणि रागावते.

"लोणचं? सर! गिळलंत?"

"नाही. थुंकलं."

"चूळ भरलीत ना?"

"भरली असावी."

"मग काही होत नाही. पण परत नको."

फोन ठेवायचा असतो. मी ठेवत नाही.

"नाकात नळी असते त्या पेशंटला अशी चव देतात का?"

"देतो की. डॉक्टरांना एकदा विचारायचं फक्त, बहुतेक वेळा हो म्हणतात. मध, लिंबू, लोणच्याचा खार. फार बरं वाटतं त्यांना." ती थांबते. "का सर? घरी कुणी नळीवर आहे का?"

"नाही," मी म्हणतो. "आता नाही."

"बरं. आज सकाळपासून पाणी किती झालं?"

मी वही बघतो. "पाचशे चाळीस."

"कमी आहे, सर," ऋचा म्हणते.