टेकडीवरच्या थडग्याची किल्ली

स्लायगो परगण्यातल्या आमच्या टेकडीवर जे थडगं आहे, त्याची किल्ली गेली चाळीस वर्षं अट्रॅक्टा गिलहूलीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते. पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्यांची राख तिथं आत, दगडी परातीत ठेवली. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी, सूर्य उगवताना, दारावरच्या फटीतून ऊन थेट त्या परातीवर पडतं. जेमतेम दहा मिनिटं. बाकी वर्षभर काळोख. अट्रॅक्टा आत झाडते, मेंढ्या हाकलते आणि तोंड मिटून असते.

बोलायला तिचा भाचा फिंटन आहे. तीन दिवसांचं शिबिर करून तो जुन्या धर्माचा पुरोहित होऊन आला. तेव्हापासून पांढरा झगा, ढोल आणि 'पूर्वजांची स्पंदनं'. त्याचे पूर्वज आमच्या बांधावरून भांडायचे, तेवढी स्पंदनं मला पुरेशी आहेत.

यंदा किल्ली कुणाकडे ठेवायची ते ठरवायला त्या लहान दिवशीच पुरातत्त्व कचेरीतली बाई येणार होती. अट्रॅक्टा आठवडाभर नीट जेवली नाही. फिंटन मात्र सजावटीला लागला. नाताळात आम्ही घराच्या दारावर काटेरी हॉलीच्या फांद्या लावतो, त्या त्यानं थडग्यालाही लावल्या. भरपूर. दारावरच्या त्या फटीत गच्च कोंबून.

त्या सकाळी बाई आत परातीपाशी उकिडवी बसली. बाहेर फिंटनचं ढोल बडवणं चालू. टेकडीखालच्या तळ्यावर सूर्य आला.

"इथं काहीच दिसत नाही हो!" आतून आवाज.

"श्रद्धा ठेवा, मॅडम! आवाहन चालू आहे."

"फिंटन, सूर्य आलाय," अट्रॅक्टा म्हणाली. "पोचलं त्याला तुझं आवाहन. आता तो पाला काढ."

"आत्या, ते पवित्र आहे!"

"असेल. पण आडवं आलंय."

तो झगा सावरत उभाच राहिला. काटे टोचतील ना! शेवटी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अट्रॅक्टानंच काठीनं, मग हातानं फांद्या ओढल्या. बोटांतून रक्त आलं. ऊन आत, थेट परातीवर गेलं.

बाई बाहेर आली तेव्हा गुडघ्यांना माती होती आणि डोळे ओले. तिनं फिंटनकडे पाहिलंही नाही. कागद काढून अट्रॅक्टाला विचारलं, "किल्लीसाठी तुमचंच नाव घालते. पात्रता काय लिहू?"

अट्रॅक्टा बोटं पुसत म्हणाली, "लिहा, उजेडाच्या वाटेत उभी राहत नाही."