हात की गाडी

अंकुरचं नाव निघालं तरी मला किळस येते. आमच्या बोरी अरब गावात तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्यांनी भिंती रंगल्यात, त्याही मी नाक दाबून सहन करतो. या माणसाला सहन करणं मात्र जमत नाही.

त्याचे वडील बापूजी माझे शेजारी. शेती कपाशीची, पण जीव सगळा जुन्या जीपमध्ये. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला गडी, बापूजींची गाडी दारात आली की घरच्यांचा जीव भांड्यात पडायचा. सत्तरी उलटली तरी हे चालूच होतं.

दिवाळीनंतर ती गाडी थरथरू लागली. पन्नासच्या वर नेली की सगळं अंग हलायचं. बापूजींनी पोराला सांगितलं. अंकुरने मोबाइलमधून मान वर केली नाही.

"गाडी नाई थरथरत बाबा. तुमचे हात थरथरून राह्यले. मी चालवतो तवा काईच होत नाई."

झालं! किल्ली त्याच्या खिशात गेली. चालवताना तो बापूजींना शेजारीसुद्धा बसवेना. शकुबाई नवऱ्याच्या हातात चहाचा कप अर्धाच भरून देऊ लागल्या. आणि हा एवढा गाडीत मुरलेला माणूस ओट्यावर बसून स्वतःचे पंजे उलटेसुलटे करून बघायचा. संताप यायचा नुसता.

एकदा अंकुर मोटरसायकलने घाटंजीच्या बाजाराला गेला. मी शकुबाईंकडून घरातली दुसरी किल्ली मागून घेतली, बापूजींना शेजारी बसवलं आणि नेरचा रस्ता धरला. वेग वाढला तशी सीट थरथरायला लागली.

"बापूजी, थरथरते हो!"

"माह्या मनाले बरं वाटावं म्हनून सांगून राह्यला का?"

तरी त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. कान इंजिनाकडे लावला.

"हँडल कसं हाय?"

"शांत आहे."

"मंग पुढचे चाकं नाई. आता गियर काढ, न्यूट्रलमध्ये जाऊ दे."

इंजिनाचा आवाज खाली बसला. गाडी वेगातच होती, आणि थरथर तशीच.

"इंजिनबी नाई. खालचा लांब शाफ्ट हाय, मागच्या चाकाले फिरवते तो." एवढं बोलून त्यांनी मांड्यांखालचे हात काढले आणि समोर धरले. हात स्थिर होते. बापूजी हसले.

नेरला नागोराव मिस्त्री गाडी बघताच म्हणाला, "अजून बदलला नाई का शाफ्ट? अंकुरभाऊनं दगडावर घातली, तवाच सांगतलं मी, शाफ्टचा पाईप चेपला म्हनून. तर म्हने, बाबाले सांगू नका."

बापूजी गाडीखाली वाकले. चेपलेल्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. हसू मावळलं होतं. आम्ही परतलो तोवर अंकुर बाजारातून आला होता.

मी गाडी लावून आत गेलो तेव्हा बापूजी अंकुरसमोर उभे होते. पोरावर रोखलेला हात रागाने लटलट कापत होता.

अंकुरने त्या हाताकडे बोट दाखवलं.

"पाह्य आई. म्हनलं नव्हतं मी?"

शकुबाई चुलीपुढून धावत आल्या आणि त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.