गुरुजींची बाजू

"तुमची, गुरुजी!" असं ओरडून अप्पा बाजूला व्हायचे.

शटल त्यांच्या खांद्यावरून मागं जायचं आणि कोर्टाच्या डाव्या कोपऱ्यात अलगद पडायचं. तिथं कोणीच नसायचं. अप्पा वळून त्या पडलेल्या शटलकडं बघायचे, टॉवेलनं मान पुसायचे आणि आम्हाला समजावून सांगायचे, "चालतंय. डोळ्यात ऊन आलं असंल त्यांच्या."

हॉलला एकही खिडकी नव्हती.

कोणते अप्पा, असं लातुरात विचारावंच लागतं. लिंगायतांच्या प्रत्येक घरात एक तरी अप्पा असतोच. हे मोंढ्यात आडत दुकान असलेले. दुकान पोराच्या हाती दिलेलं, सकाळ बॅडमिंटनला दिलेली. गुडघ्यापर्यंत चड्डी, कपाळावर भस्माची तीन बोटं, गळ्यातलं लिंग बनियनच्या आत. उडी मारायची झालीच तर एक हात छातीशी धरून मारायचे. त्यामुळं ती उडी जमिनीपासून फार लांब जात नसे.

मी त्या क्लबात गेलो तो डॉक्टरांच्या धाकानं. मी कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवतो. फेकलेली वस्तू कुठल्या कोनातून जाऊन कुठं पडणार, हे फळ्यावर बिनचूक सांगतो. कोर्टात तीच वस्तू माझ्या टकलावर पडते.

क्लब तेव्हा खासगी होता. बॅडमिंटनचा हॉल, गंजलेल्या वजनांची जिम, कॅरम आणि पत्त्यांची खोली, आणि एक पोहण्याचा तलाव, ज्यात लातूरच्या रिवाजाप्रमाणं पाणी सोडून बाकी सगळं होतं. हॉलचाही एक रिवाज होता. आल्या आल्या आपली रॅकेट भिंतीकडच्या बाकावर ठेवायची. रॅकेटींची रांग लागते; पुढच्या चार ज्यांच्या, ते चौघं कोर्टात. माणूस बाहेर चहा पीत बसला असला तरी त्याची रॅकेट त्याच्या वतीनं रांगेत असते.

पहिल्याच दिवशी मी रॅकेट घरी विसरलो. बाकावर एक बेवारस दिसली, मुठीला पांढरी पट्टी गुंडाळलेली. क्लबचीच असणार, म्हणून उचलली आणि हवेत दोन-चार हात फिरवले. हॉल गप्प झाला. मला वाटलं, माझी ढब बघून झाला.

अप्पा जवळ आले. "सर, ती ठिवा खाली. नंबर हाय त्यांचा."

"कुणाचा?"

"गुरुजींचा."

"कुठं आहेत ते?"

अप्पांनी दाराकडं पाहिलं. "येतेत की."

आता दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली, तर माफी मागायला नको? मी बाकावर गुरुजींची वाट बघत बसलो. हॉल रिकामा होत आला तरी बसलो. शेवटी मेडिकलचं दुकान असलेल्या एका सभासदांना दया आली. ते बूट सोडता सोडता म्हणाले, "सर, घरी जावा. गुरुजींना जाऊन दोन वर्षं झाली."

ह्या मेडिकलवाल्यांकडूनच मला पुढचं कळलं. गुरुजीही लिंगायत, रेणापूरच्या शाळेतून निवृत्त झालेले. ते आणि अप्पा वर्षानुवर्षं डबल्सचे जोडीदार, पण दोघांनी एकमेकांची घरं कधी पाहिली नव्हती. ओळख सगळी त्या जाळीच्या एका बाजूची. गुरुजी गेले तेव्हा अप्पा देगलूरला लेकीकडं होते. फोन आला, एसटी पकडली, पण पोचेपर्यंत माती झालेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा हॉलवर आले, कपाटातून गुरुजींची रॅकेट काढली आणि आपल्या रॅकेटीशेजारी रांगेत ठेवली. उद्या बोलू, म्हणून त्या दिवशी सगळे गप्प बसले. मग बोलायचं राहूनच गेलं.

मेडिकलवाल्यांनी एकदा धीर करून विषय काढला होता. अप्पा म्हणाले, "तुमी पाह्यलं. मी कुठं पाह्यलं?"



एवढं कळूनही मी तो मीच. पहिला सामना मेडिकलवाले आणि मी, समोर अप्पा आणि गुरुजी. मी हिशेब मांडला, की निम्मं कोर्ट मोकळं आहे. शटल नेम धरून डाव्या कोपऱ्यात मारत गेलो. अप्पा दर खेपेला "तुमची, गुरुजी!" म्हणून बाजूला होत गेले. आयुष्यातला पहिला सामना जिंकल्यावर मी दोन्ही हात वर करून हॉलभर नाचलो. टाळी एकही वाजली नाही. मेडिकलवाल्यांनी तर हातसुद्धा मिळवला नाही, माझ्याच जोडीदारानं!

मग हळूहळू माझाही हात तिकडं वळेना. सोपं शटल समोर यायचं, तो कोपरा मोकळा दिसायचा, आणि तिथं कोणी वय झालेला माणूस सावरून उभा आहे असं वाटून मनगट ऐनवेळी फिरायचं. सगळ्या हॉलचं तेच झालेलं. डावी बाजू बंद म्हटल्यावर सगळे उजवीकडं मारणार, आणि उजवीकडं अप्पा पाय रोवून तयार. परिणाम असा, की अप्पा जिंकू लागले. मी आयुष्यात पुष्कळांकडून हरलो आहे, सासऱ्यांकडून पत्त्यात, पोरीकडून वादात. पण गेलेल्या माणसाकडून रोज सकाळी हरणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन. वर अप्पा निघताना सांगायचे, "आज गुरुजी लई जमून खेळले, सर."

असं चाललं होतं, आणि क्लब महापालिकेनं ताब्यात घेतला.

जागा पालिकेचीच होती, भाडेपट्टा संपला होता, त्यात काही अन्याय नव्हता. आम्ही जुने सभासद आठवडाभर फुरफुरलो. मग पत्त्यांच्या खोलीत योगाचा वर्ग आला, वजनांना रंग लागला, आणि पाठीमागच्या वस्तीतल्या पोरी, ज्या इतकी वर्षं कंपाउंडच्या भोकातून बघायच्या, त्या समोरच्या दारानं आत आल्या. त्यांच्या पहिल्याच स्मॅशमध्ये माझा चष्मा गेला. क्लब जिवंत झाला म्हणायचा.

पण बाकावरची रांग गेली. क्रीडा अधिकारी म्हणून एक तरुण मॅडम आल्या, नांदेडकडच्या. बोलायला गोड, कामाला कडक. त्यांचा नियम साधा होता. वेळ त्याला मिळेल जो हजर असेल. रॅकेट म्हणजे माणूस नव्हे.

पहिल्याच सकाळी त्या आमच्या कोर्टापाशी आल्या. "तुम्ही तिघं आहात. चौथे कुठे?"

अप्पांनी गुरुजींची रॅकेट छातीशी धरली. नेहमीसारखं दाराकडं बघितलं. "येतेत की," हे शब्द त्यांच्या ओठापर्यंत आले आणि तिथंच अडकले. आम्ही सगळे त्यांचं ते एक वाक्य इतके दिवस ऐकत होतो, कारण पुढचा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. मॅडम तो विचारणार होत्या.

अशा वेळी शहाण्या माणसानं बुटाची नाडी बांधावी. मी तोंड उघडलं.

"गावाला गेलेत, मॅडम."

"कुठल्या?"

"नांदेडला. विष्णुपुरीला. मुलगा तिथं कॉलेजात नोकरीला आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डाव्या."

खोटं बोलताना मला तपशील आवरत नाहीत. गुरुजींना लेकरं किती, गुडघे कसे, मला काही माहीत नव्हतं. मी तर त्यांना पाहिलेलंही नव्हतं. मॅडमचा चेहरा एकदम मऊ झाला. "अगंबाई! माझ्या बाबांचंही आत्ताच झालंय. मग राहू दे त्यांची जागा. बरे होऊन येऊ देत."

मेडिकलवाल्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी मुदत संपलेलं औषध आहे.  अप्पा मात्र माझ्याकडं टक लावून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हाव. गुडघा."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जाता जाता विचारलं, "गुरुजींचा गुडघा कसा आहे?"

मी काहीतरी जुळवायच्या आत अप्पा म्हणाले, "भिंतीला धरून चालून राहिलेत."

 थट्टा म्हणावी तर चेहऱ्यावर हसू नाही. पुढं रोजच बातमी यायला लागली. काठी आली. काठी सुटली. जिने चढायला लागले. "सुनेच्या हातची भाकरी रुचत न्हाई म्हणतेत." एकदा खेळ थांबवून मला म्हणाले, "सर, आता धरणापर्यंत चालत जातेत. सकाळी वारं लई चांगलं असतंय म्हणं तिथं." आणि ते असं सांगायचे, की मलाच विष्णुपुरीच्या धरणाच्या कडेनं एक म्हातारा येताना दिसायचा. डाव्या पायानं जरा जपून.

माणूस मेल्यावर लोक त्याला हळूहळू विसरतात. इथं उलटं चाललं होतं. गुरुजी दिवसेंदिवस बरे होत होते.

मेडिकलवाले मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमीच सुरू केलंय, तुमीच मिटवा."

"कसं मिटवू? आता म्हणू, की चालता चालता धरणात पडले?"

"यप्पा! गप बसा तुमी. आजपासून गपच बसा."

एके दिवशी अप्पा म्हणाले, "पुढल्या हप्त्यात येतेत." त्या दिवसापासून हॉलचं दार वाजलं की मी सर्व्हिस चुकवू लागलो. तशी मी एरवीही चुकवतो, पण आता कारण होतं. कोण येणार होतं, तुम्हीच सांगा. तरी मान वळायचीच. अप्पांची वळायची. आणि एकदा मी पाहिलं, मेडिकलवाल्यांचीही वळली.

मॅडमनी ही बातमी ऐकली, आणि त्यांना भलताच आनंद झाला. क्लबाचं रीतसर उद्घाटन व्हायचं होतं. "जुन्या खेळाडूंचे सत्कार ठेवते. पहिला गुरुजींचा. येतील ना, अप्पा?"

"येतेत," अप्पा म्हणाले. पण ह्या वेळी त्यांनी दाराकडं पाहिलं नाही. खाली पाहिलं.

समारंभ सकाळीच होता. हॉलमध्ये सतरंज्या, पुढं खुर्च्या, वस्तीतल्या पोरी नव्या टी-शर्टात. अप्पा पांढरं धोतर, टोपी घालून आले होते. मी त्यांना ओळखलंच नाही, आणि "बसा काका" म्हणून मागची खुर्ची दाखवली. पहिल्या रांगेत एक खुर्ची मॅडमनी मोकळी ठेवली होती.

मॅडमनी माइकवरून गुरुजींचं पूर्ण नाव घेतलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. आम्ही जुने सभासद पायाचे अंगठे बघत बसलो. मॅडमनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. पाहुणे शाल घेऊन उभे. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा त्यांचा आवाज जरा हलला आणि त्या माझ्याकडं बघू लागल्या. मी जाळीच्या खांबाआड सरकलो. खांब बारीक होता. मी दोन्हीकडून दिसत होतो.

अप्पा उठले. हळूहळू स्टेजवर गेले. पाहुण्यांना वाटलं हेच गुरुजी. ते शाल घालायला पुढं झाले. अप्पांनी हातानं थांबवलं.

"मी न्हाई ते," असं म्हणाले. माइक तोंडाजवळ नव्हता, तरी सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "ते वारले." मग टोपी सारखी केली. "मी तवा इथं नव्हतो."

एवढंच.

मॅडम माझ्यावर चिडतील, अशी माझी तयारी होती. त्या माझ्याकडं वळल्याच नाहीत. पाहुण्यांच्या हातातली शाल घेतली, तिची घडी केली आणि अप्पांच्या हातात दिली. "मग तुम्हीच नेऊन द्या त्यांना, अप्पा."

अप्पा शाल घेऊन खाली आले ते सरळ माझ्या खांबापाशी. "सर, गाडी काढा."

लिंगायतांची रुद्रभूमी गावाबाहेर आहे. आत गेल्यावर लक्षात आलं, की गुरुजींची जागा अप्पांना ठाऊक नाही, आणि मला तर गुरुजीच ठाऊक नाहीत. एकेका फरशीवरचं नाव वाचत आम्ही दोघं उन्हात हिंडलो. कडेला, लिंबाच्या झाडाखाली सापडली. अप्पांनी नावावरून बोट फिरवलं. "तुमी जरा तिकडं थांबा," मला म्हणाले.

मी स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो. त्यांच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवून माती देतात. अप्पांनी शाल फरशीवर पसरली, धोतर सावरलं आणि समोर मांडी घातली. दोन म्हातारे समोरासमोर बसले होते, एक वर आणि एक खाली. अप्पा बोलत होते. मधेच हात उचलून काही दाखवायचे, मग थांबायचे, मान हलवायचे. 

परत आले तेव्हा डोळे कोरडे होते. "सांगितलं," म्हणाले.

"काय?"

"की आता पोरी खेळून राहिल्यात. जागा सोडावी लागंल."

त्यानंतर अप्पा हॉलवर आले नाहीत. दोन्ही रॅकेटी वस्तीतल्या पोरींना देऊन टाकल्या. यंदाच्या उन्हाळ्यात तेही गेले. मातीला मी होतो. पण त्या दुपारचं थोडं सांगायचं राहिलंय.

मी ऐटीत किक मारली. स्कूटर नुसती खोकली. पुन्हा मारली. पेट्रोल संपलं होतं.

"तुमी फिजिक्सवाले ना, सर?" अप्पांनी विचारलं.

पंप लांब होता आणि वाट चढाची. मी हँडल धरलं, मी नको नको म्हणत असताना अप्पा मागून ढकलायला लागले. भर दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला वाटलं, दहा पावलांत माझा फेस निघणार. पण गाडी चालली. नुसती चालली नाही, पळायला लागली. चढ संपेना आणि गाडी थांबेना. हँडल धरून मलाच तिच्याबरोबर धावावं लागत होतं. सत्तरीपुढच्या एका माणसाच्या हाताचा तो जोर नव्हता.

तेवढ्यात मागून अप्पांचा आवाज आला, हलका, जवळच्या कुणाशी बोलल्यासारखा.

"जरा हळू. सर पडतेत ना."

मी मागं वळून पाहिलं नाही.