अकरा खडे

पोस्टमनने कार्ड हातात दिलं तेव्हा मी ओट्यावर चष्मा पुसत होतो. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, कुणीतरी गेल्याचं वाचण्याआधीच कळलं. आमची पारूबाई आठ दिवसांच्या रजेवर श्रीगोंद्याला भावाकडे गेली होती, तिथेच तापाने गेली. असं कार्ड वाचून फाडून टाकायचं असतं. मला जमलं नाही. त्याला आता महिना होईल...

भिंगारजवळचं आमचं हे निराधार म्हाताऱ्यांचं घर. मी इथला कारकून, पारूबाई स्वयंपाकीण. इथे आलेलं माणूस सहसा परत जात नाही. पोटाला मिळतं, अंगावर धडुतं मिळतं. पण दिवस कसा जायचा, हे मला कधी सुचलं नाही. पारूबाईला सुचलं. लहानपणीच विधवा झालेली बाई, भावाखेरीज मागेपुढे कोणी नाही. आंधळ्या रखमाबाईंपुढे ती रोज सकाळी सुपात ज्वारी ठेवायची आणि म्हणायची, "आत्या, तुमच्याबिगर आज भाकरी व्हत न्हाई बगा. लई खडं हायेत." रखमाबाई लगेच पदर सावरून बसायच्या.

लढाईचे दिवस, धान्याची मारामार. एका सकाळी पाहतो तर पारूबाई निवडलेल्या ज्वारीत डबीतले खडे टाकते आहे, मोजून अकरा! माझं डोकंच फिरलं. "अन्नात माती कालवता?" म्हणत मी डबी काढून घेतली. आंधळ्या म्हातारीला राबवणं मला पापच वाटत होतं, त्यामुळे पुण्य पदरात पडल्याच्या खुशीत मी होतो. चौथ्या दिवशी रखमाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, जेवायलाही उठेनात. पारूबाई माझ्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "भाऊसायेब, डबी द्या." दिली. तुमचं बरोबर होतं, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. म्हटलं, सांगू कधीतरी. त्याची आता फार लाज वाटते.

तिच्या रजेत सूप खुंटीलाच होतं. कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच ज्वारीत अकरा खडे टाकले आणि सूप रखमाबाईंपुढे ठेवलं. त्यांना बातमी सांगायचा धीर झाला नव्हता. त्यांनी सावकाश बोटं फिरवली, दहा खडे माझ्या हातावर ठेवले. अकरावा मुठीतच राहिला.

"पारू गेली व्हय?"

मी हातावरचे दहा खडे डबीत टाकले.

"ह्यो तिकोनी मी ठिवते. लई दिसांची वळक हाय ह्याची."

"म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"व्हय तर. रोज तेच खडं, बोटांना कळंना व्हय? पर तिला तरी कोन हुतं? मी निवडाया बसले, की तेवढीच घटकाभर माज्यापाशी बसायची..."

डबीत आता दहाच खडे आहेत. रोज सकाळी ते ज्वारीत टाकतो, सूप नेऊन ठेवतो आणि उठायला लागतो. रखमाबाई म्हणतात, "बसा की वाईच." माझ्याही घरी कोणी वाट पाहणारं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी बसतो.