भिंत पाडणारा पाय

दिलसुखनगरच्या आमच्या कॉलेजात बांधकामाची प्रयोगशाळा माझ्या वर्गाला लागूनच आहे. तिथल्या मॅडम मुलांकडून चिखलाच्या गाऱ्यात विटांची भिंत बांधून घेतात, ओळंबा लावून नाक मुरडतात आणि "काय हौले आहेत रे, अगदी बावळट! पोट सुटलंय भिंतीचं," म्हणत उजव्या पायाच्या एका लाथेत ती पाडतात. चांगली भिंतही पाडतात, कारण त्याच विटा दुसऱ्या दिवशीच्या मुलांना लागतात.

काल एका मुलीची भिंत, दोनदा लाथ खाऊन, अखेर ओळंब्यात उभी राहिली. मॅडमनी पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. "नक्को, आज पाय दुखतोय."

आज नव्या मुलांनी विचारलं, "मॅडम, आम्हाला विटा?"

"पाय दुखतोय म्हटलं ना!" म्हणत त्या लंगडत निघून गेल्या. लंगडत होत्या मात्र डाव्या पायाने.