निरोपाला भरलेलं मैदान

बीडच्या आमच्या कॉलेजात बास्केटबॉल शिकवणारे एक सर होते. स्टाफरूमच्या खिडकीतून ते रोज दिसायचे. तोंडात शिट्टी, डोक्याला रुमाल आणि समोर पळणाऱ्या पोरी. चांगल्या उंच पोरी नेमक्या स्पर्धेच्या दिवसांत आई-बापासोबत ऊसतोडीला जायच्या. उरलेल्यांना घेऊन सर जायचे, हरून यायचे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा शिट्टी वाजवायचे. इथल्या मैदानावर सामना असला, तरी बघायला कुणी फिरकत नसे.

ते निवृत्त झाले तेव्हा संस्थेने त्याच मैदानावर जंगी सत्कार ठेवला. पुढारी येणार म्हणून स्टेज मोठं हवं होतं. जागा पुरेना, तेव्हा मांडववाल्यांनी एका बाजूचा रिंगचा खांब उपटून भिंतीकडेला टाकला. पुढाऱ्यांनी भाषणात सरांच्या व्हॉलीबॉलच्या सेवेचा गौरव केला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

कार्यक्रम संपल्यावर मी हळूच म्हणालो, "सर, तुमचा खांब काढला की हो यांनी."

खांद्यावरची शाल सावरत ते गर्दीकडे बघत होते.

"जाऊ द्या हो. मैदान पैल्यांदाच भरलंय. आज पोरी हव्या व्हत्या. एका रिंगवर बी खेळून दाखवलं असतं त्यांनी."